पिवळा नर मागे का पडतो: ड्रोसोफिला प्रोजेक्टच्या नोंदी

३ जुलै

विषय एकदाचा ठरला. एमएस्सी झूलॉजीचं शेवटचं वर्ष, वर्गातले बाकीचे नदीच्या पाण्यावर नाहीतर फुलपाखरांवर काम करणार आणि आम्ही दोघं (मी आणि माझा प्रोजेक्ट पार्टनर) ड्रोसोफिलाच्या, म्हणजे पिकलेल्या फळांवरच्या चिलटांच्या, मेटिंगवर. मॅडमची अट साधी होती, जीन एकच घ्या आणि फरक डोळ्यांना दिसायला हवा, कारण आपल्याकडे सिक्वेन्सिंग नाही, भारीतला कॅमेरा नाही, आहे तो बीओडी इन्क्युबेटर (तापमान ठरावीक ठेवणारं कपाट), दोन स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि भरपूर काचेच्या व्हायल्स. आम्हाला फ्रूटलेस जीनवर करायचं होतं, मेटिंग म्हटलं की प्रत्येक लेक्चरला तेच उदाहरण येतं ना. मॅडम म्हणाल्या, "अगं फ्रूटलेस सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही यलो घ्या. दिसायला सोपा, समजायला अवघड."

यलो हा अंगाच्या रंगाचा जीन. नेहमीची ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर तपकिरी असते, यलो म्युटंट (म्हणजे हा जीन बिघडलेली माशी) पिवळसर दिसते कारण तिच्यात काळं मेलॅनिन तयार होत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मॉर्गनच्या लॅबमध्ये १९११ ला हा म्युटंट सापडला, १९१३ मध्ये मॉर्गनचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने जगातला पहिला जीन मॅप (क्रोमोसोमवर कुठला जीन कुठे आहे याचा नकाशा) काढला त्यात शून्यावर बसलाय तो हाच, एक्स क्रोमोसोमच्या अगदी टोकाला. आणि १९१५ मध्ये त्याच स्टर्टेव्हंटने लिहून ठेवलं की यलो नर मेटिंगमध्ये नॉर्मल नरांच्या मागे पडतात. आता अंगाचा रंग आणि मेटिंग, यांचा संबंध काय? शंभर वर्षं जुना प्रश्न आहे आणि तो बघायला बाटली, माशी आणि वेळ एवढंच लागतं, हे मला फार आवडलंय.

एक अट अजून घातलीये मॅडमनी. यलोवरचं गेल्या काही वर्षांतलं काही वाचायचं नाही, आधी स्वतः बघायचं, मग पेपर मिळेल. दोघांनी कबूल केलंय.

९ जुलै

म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरमधून आणलेले स्टॉक (माशांचे सांभाळलेले वाण) कॉलेजात आधीपासून सांभाळलेले आहेत, त्यातले ओरेगॉन-आर (नॉर्मल) आणि यलो आम्ही घेतले. आज पहिल्यांदा मीडिया, म्हणजे माशांचं खाणं, केला. रवा, गूळ, अगार, पाणी, शिजत आल्यावर प्रोपिऑनिक अ‍ॅसिड बुरशी लागू नये म्हणून, आणि बाटल्यांत ओतून गार झाल्यावर वरून यीस्टचा थेंब. परदेशी प्रोटोकॉलमध्ये मक्याचं पीठ आणि मोलॅसिस असतं पण आपल्याकडे रवा-गूळच चालतो आणि माशा त्यावर मस्त वाढतात. लॅबमधले काका एवढी वर्षं हे करतायत की मोजमाप न बघता पळीवरून पडणारी धार बघून सांगतात घट्ट झालं का ते. मी मात्र सगळं वजन करून लिहून ठेवलंय, कारण मीडिया बदलला की माशांचा साइज बदलतो आणि साइज बदलला की मेटिंगचा निकाल बदलतो, मोठे नर जास्त यशस्वी होतात.

१८ जुलै

पाऊस थांबत नाहीये, हवेत एवढी ओल की कापसाचे बोळे दमट होतात. काही बाटल्यांत बुरशी आली आणि एका ट्रेमध्ये माइट्स (अगदी बारीक किडे) दिसले. माइट्स म्हणजे स्टॉकचा काळच, त्यामुळे तो सगळा ट्रे लगेच बाहेर काढला, स्वच्छ बाटल्यांमधून नवीन कल्चर चालू केले आणि आमचे स्टॉक वेगळ्या कपाटात हलवले. यापुढे लवकर लवकर फ्लिप करायचं, म्हणजे माशा नव्या बाटलीत हलवायच्या.

२६ जुलै

व्हर्जिन माद्या गोळा करायला शिकलो. मेटिंगच्या कामाचा सगळा पाया हाच आहे. मादी एकदा मेट झाली की स्पर्म साठवून ठेवते आणि पुढे कित्येक दिवस तेच वापरते, म्हणजे आधी मेट झालेली मादी घेतली तर क्रॉसही (संकर) बिघडतो आणि बिहेवियरचा डेटाही. सुदैवाने कोषातून बाहेर आल्यावर पहिले साधारण ८ तास (२५ अंशाला) मादी मेटिंग करतच नाही. म्हणून सकाळी बाटली पूर्ण रिकामी करायची आणि दुपारी जे नवीन बाहेर आलेत त्यातल्या माद्या उचलायच्या. ताजी माशी फिकट असते, पंख धड उलगडलेले नसतात आणि पोटात आरपार दिसणारा एक काळा ठिपका असतो, तो दिसला की खात्री.

नर-मादी ओळखणं नॉर्मल माशीत सोपं, नराच्या पोटाचं टोक काळं. यलोमध्ये ते काळं नसतंच, त्यामुळे तिथे बघायचं पुढच्या पायावर, नराच्या पुढच्या दोन्ही पायांवर जाड केसांचा छोटा कंगवा असतो, सेक्स कोंब म्हणतात त्याला. मायक्रोस्कोपखाली एकदा दिसला की मग तो दिसतच राहतो.

४ ऑगस्ट

आज क्रॉसचा प्लॅन पक्का केला आणि मला वाटतं सगळ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून नीट लिहिते.

ओरेगॉन-आरचा नर आणि यलो स्टॉकचा नर यांची सरळ तुलना करून काही सिद्ध होत नाही. हे दोन स्टॉक कित्येक वर्षं वेगवेगळ्या बाटल्यांत वाढलेत, त्यांच्यात यलो सोडून अजून शेकडो फरक असणार. यलो नर कमी पडला तर तो यलोमुळे की त्या दुसऱ्या कशामुळे, कसं कळणार? ऑक्सफर्डला मार्गारेट बॅस्टॉकने १९५६ च्या पेपरमध्ये याच कारणासाठी आधी पिढ्यान्‌पिढ्या बॅकक्रॉस (संततीचा परत त्याच नॉर्मल स्टॉकशी संकर) करून दोघांची पार्श्वभूमी सारखी करून घेतली होती.

आमची पद्धत अशी. यलो नर आणि ओरेगॉनच्या व्हर्जिन माद्या. यातल्या सगळ्या मुली वरून नॉर्मल दिसतात पण प्रत्येकीच्या एका एक्सवर यलो असतो. या मुलींना परत ओरेगॉनचे नर द्यायचे. आता जे मुलगे होतील त्यातले निम्मे यलो आणि निम्मे नॉर्मल, एकाच आईचे, एकाच बाटलीत, एकाच मीडियावर वाढलेले सख्खे भाऊ. मग त्यातले यलो भाऊ घेऊन पुन्हा पहिल्यापासून, असं करत प्रत्येक फेरीला बाकीचा जीनोम ओरेगॉनचा होत जातो. एका फेरीत दोन पिढ्या, २५ अंशाला एक पिढी साधारण १० दिवसांची, म्हणजे दिवाळीपर्यंत हेच चालणार. तुलना शेवटी भावाभावांतच करायची. यलोच्या अगदी शेजारचे जीन तेवढे बरोबर येत राहतील, त्याला इलाज नाही, ते मर्यादांमध्ये लिहायचं.

१६ ऑगस्ट

क्रॉस वाढतायत तोवर जुनं वाचन. बॅस्टॉकचा निष्कर्ष असा होता की यलो नर कोर्टशिप (मेटिंगआधी मादीला रिझवणं) करतात पण पंख थरथरवण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे मादी पुरेशी तयार होत नाही. पेपरचं नावच वर्तन बदलणाऱ्या जीनबद्दलचं आहे. त्या काळात एक जीन बदलला की वर्तन बदलतं असं मोजून दाखवणं ही केवढी मोठी गोष्ट असेल!

मग फ्रूटलेस. कुलबीर गिल या भारतीय संशोधकाने येलमध्ये काम करताना १९६३ मध्ये हा म्युटंट नोंदवला, त्यातले नर दुसऱ्या नरांनाही कोर्ट करत होते. जीन प्रत्यक्ष हाती लागला १९९६ मध्ये. नर आणि मादी दोघांत जीन तोच, पण त्याचा आरएनए (प्रोटीन बनवायला काढलेली जीनची नक्कल) वेगळ्या ठिकाणी कापून जोडला जातो, त्यामुळे नरात एक खास प्रोटीन बनतं जे मादीत बनत नाही. २००५ मध्ये डेमिर आणि डिकसन यांनी मादीत नराच्या पद्धतीने तो आरएनए जोडायला लावला आणि ती मादी दुसऱ्या माद्यांना कोर्ट करायला लागली! त्याच वर्षी दुसऱ्या एका कामात फ्रूटलेस असलेले न्यूरॉन तापमान वाढवून तात्पुरते बंद केले तर नरांची कोर्टशिप थांबली. ते बंद करायला वापरलं शिबिरे नावाचं म्युटंट, जे गरम केलं की माशी लुळी पडते. मॅडमनी इथे थांबवून सांगितलं की या लुळ्या पडणाऱ्या म्युटंटच्या नर्व्हमध्ये नेमकं काय बिघडतं यावर १९७६ मध्ये ओबेद सिद्दीकी आणि सेमूर बेंझर यांचा पेपर आहे. सिद्दीकी म्हणजे मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) १९६२ ला मॉलिक्युलर बायॉलॉजी सुरू करणारे, आणि त्यांच्याच लॅबमध्ये पुढे वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीच्या वास आणि चवीच्या जीनवर काम केलं. आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर हे सगळं घडलंय आणि आम्ही तीन वर्षं बीएस्सी करून हे नाव ऐकलं नव्हतं, याचं खरंच वाईट वाटलं. सिलॅबसमध्ये असायला हवं हे.

आणि मग मॅडमनी दिलेल्या जुन्या यादीतलं शेवटचं, २००३ चं काम. त्यात म्हटलंय की यलो प्रोटीन अळीच्या मेंदूत दिसतं, फ्रूटलेसच्या हुकमाखाली चालतं आणि नराच्या कोर्टशिपसाठी गरजेचं आहे. म्हणजे गोष्ट जुळत गेली ना, रंगाचा जीन मेंदूतही काम करतो, तिथे बिघडला की पंखांची थरथर कमी, म्हणून मेटिंग कमी. पार्टनर म्हणाला मग झालंच की, आपण नुसतं कन्फर्म करायचं. मला पण तसंच वाटतंय आत्ता.

११ सप्टेंबर

गणपतीत घरी जाताना बाटल्यांची पाळी लावून गेलो, एक जण गावी तर दुसरा लॅबमध्ये. बॅकक्रॉस वेळेवर चालू आहे. फार लिहिण्यासारखं नाही.

५ ऑक्टोबर

मेटिंग चेंबर तयार. अ‍ॅक्रिलिकच्या जाड शीटला गोल भोकं पाडून घेतली, नेमप्लेट करणाऱ्या दुकानात काम होऊन गेलं, वर-खाली पातळ पारदर्शक शीट आणि एका बाजूला माशी सोडायला छोटं छिद्र. माशा हलवायच्या त्या तोंडाने ओढायच्या अ‍ॅस्पिरेटरने, इथर वापरायचाच नाही कारण इथर दिलेला नर त्या दिवशी धड कोर्ट करत नाही. नर बाहेर आल्यापासून एकेकटे ठेवायचे, माद्या व्हर्जिन, दोघांचं वय ४ ते ५ दिवस, खोली २५ अंश, वेळ सकाळी लाइट लागल्यानंतर लगेचची, एक तास बघायचं. एकदा वापरलेला नर परत वापरायचा नाही, कारण नकार मिळालेला नर पुढचे काही तास कोर्टशिप कमी करतो, १९७९ पासून माहीत असलेली गोष्ट आहे ही, माशीसुद्धा अनुभवावरून शिकते.

सरावासाठी आज नुसते ओरेगॉन बघितले. पुस्तकात कोर्टशिपच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात, प्रत्यक्ष बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. नर आधी मादीकडे तोंड करून थांबतो, मग मागे लागतो, पुढच्या पायाने तिला टॅप करतो. हे टॅप करणं म्हणजे चव घेणं आहे, पायावरच्या केसांत चवीचे न्यूरॉन असतात आणि मादीच्या अंगावरच्या मेणचट हायड्रोकार्बनवरून त्याला कळतं ही आपल्याच जातीची मादी आहे का. मग एक पंख आडवा काढून थरथरवतो. हे गाणं आहे त्याचं, आपल्याला ऐकू येत नाही, मादी तिच्या अँटेनाने ऐकते. मेलानोगॅस्टरच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण ३५ मिलिसेकंद असतं आणि सिम्युलन्स या जवळच्या जातीत ते जास्त. मग मागून चाटणं, मग पोट वाकवून चढायचा प्रयत्न. मादी तोवर पळत असते, लाथा मारते, पंख झटकते, आणि कधीतरी हळू होते, थांबते. झालं की साधारण २० मिनिटं जोडी एकत्र. पहिल्या जोडीचं मेटिंग लागलं तेव्हा आम्ही दोघं एकदम ओरडलो, काका बघायला आले काय झालं म्हणून.

१२ नोव्हेंबर

दिवाळी संपली, भाऊ तयार आहेत, खरी टेस्ट चालू. रोज सकाळी काही चेंबर, अर्ध्यांत यलो भाऊ अर्ध्यांत नॉर्मल भाऊ, मादी सगळीकडे ओरेगॉनची. रंग डोळ्यांना दिसतोच त्यामुळे बघणाऱ्यापासून लपवता येत नाही, म्हणून काय मोजायचं ते आधीच काटेकोर लिहून भिंतीवर लावलंय, पंख किती काढला की धरायचं, चढायचा प्रयत्न कशाला म्हणायचं, असं सगळं. आणि व्हिडिओ दोघांनी वेगवेगळा बघून मग आकडे जुळवायचे.

२० नोव्हेंबर

फरक इतका स्पष्ट असेल असं वाटलं नव्हतं. नॉर्मल भावांतले बहुतेक तासाच्या आत मेट होतात, पुष्कळ जण पहिल्या काही मिनिटांतच. यलो भावांतले फार थोडे. स्टर्टेव्हंटने बघितलं ते आम्ही बघतोय.

पण मला एक गोष्ट खटकतेय. यलो नर आळशी नाहीयेत. मागे लागतात, टॅप करतात, पंख काढतात, पूर्ण तासभर सोडत नाहीत. जर मेंदूतली इच्छा कमी असती तर कोर्टशिप लवकर थांबायला हवी होती की नाही? उलट चढायचे प्रयत्न यांचेच जास्त होतायत, कारण नॉर्मल नराचा एखादा प्रयत्न लागून जातो आणि हे परत परत करत राहतात. वही भरून आकडे आहेत पण आकडे फक्त "किती" सांगतायत, "का" सांगत नाहीत.

२७ नोव्हेंबर

आज जे दिसलं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पार्टनरच्या चुलत भावाकडे नवीन फोन आहे, त्यात सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन, त्यावर क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावली आणि फक्त चढायचा क्षण शूट करत बसलो. नॉर्मल नर पोट वाकवतो, उडी घेतो, पुढचे दोन्ही पाय मादीच्या पोटाच्या बाजूंना घट्ट लागतात, तिथून तो स्वतःला वर ओढून घेतो आणि मेटिंग लागतं. यलो नर अगदी तसंच करतो, पोट वाकवणं तेच, टायमिंग तेच, पुढचे पाय योग्य जागी जातात, आणि एरंडेल लावलेल्या मल्लखांबावर नवशिक्याचे पाय सुटावेत तसे ते सटकतात. परत धरतो, परत सटकतं. मादी काही वेळा थांबलेली आहे, पळतही नाहीये, आणि तरी याला पकड मिळत नाही. एकामागून एक क्लिप बघितल्या, जिथे जिथे कोन नीट मिळालाय तिथे हेच.

म्हणजे मादीने नाकारलं, नराची इच्छा कमी, गाणं कमी, हे सगळं नसूही शकतं. त्याला धरता येत नाहीये! आणि धरतो कशाने? पुढच्या पायांनी. पुढच्या पायावर काय असतं? कंगवा.

२८ नोव्हेंबर

सकाळी लॅब उघडल्या उघडल्या दोन्ही भावांचे पुढचे पाय कापून स्लाइडवर घेतले. नॉर्मल नराच्या कंगव्यात दहा-बारा जाड दात, जवळजवळ काळे, पायावरचे बाकीचे केस त्यापुढे किरकोळ वाटतात. यलो नरात कंगवा आहे, दातांची संख्याही तशीच, पण रंग फिका, पारदर्शक. गेले कित्येक महिने आम्ही याच कंगव्यावरून यलो नर ओळखून वेगळे करत होतो.

मॅडमना व्हिडिओ आणि स्लाइड दोन्ही दाखवलं. त्यांनी शांतपणे कपाटातून एक फाइल काढली आणि दिली. "आता वाचा."

२९ नोव्हेंबर

फाइलमध्ये २०१९ चा पेपर, मॅसी, विट्कॉप, स्टर्न आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी आधी आम्ही मानत होतो तेच तपासलं, फक्त फ्रूटलेसच्या न्यूरॉनमधून यलो काढून टाकलं. मेटिंगवर काहीच परिणाम नाही. मग डबलसेक्स नावाचा दुसरा जीन जिथे जिथे चालू असतो तिथून यलो काढलं (डबलसेक्स शरीराला नर की मादी हे सांगतो), तर मेटिंग कोसळलं. डबलसेक्स चालू असलेल्या जागांपैकी एक म्हणजे सेक्स कोंब. तिथे नेमकं बोट ठेवून दाखवलंय त्यांनी की कंगव्यातलं काळं मेलॅनिन गेलं की नराला मादी धरता येत नाही, आणि सेकंदाला कितीतरी जास्त फ्रेमच्या व्हिडिओत तेच सटकणं, जे आम्ही परवा फोनवर बघितलं. मेलॅनिन नुसता रंग देत नाही, क्युटिकलच्या (माशीच्या अंगावरच्या कठीण कवचाच्या) घडणीत आणि मजबुतीत त्याचा हात असतो.

आमचा शोध नाही हा, माहितेय. तरी स्वतःच्या डोळ्यांनी तिथपर्यंत पोचल्याचा आनंद खूप मोठा आहे. १९१५ पासून सगळ्यांनी यलो नर मागे पडतो हे मोजलं आणि कारण मात्र वर्तनात, मग मेंदूत शोधलं. पंख काढण्यातला फरक आमच्या मोजणीत थोडाफार आहे, बॅस्टॉकने बघितलेलं खोटं नव्हतं. पण मेटिंग अडतंय ते पायापाशी.

१० डिसेंबर

मेट झालेल्या माद्या वाया कशाला घालवायच्या म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी नवीन नॉर्मल नर दिले. पूर्ण वेगळ्या माद्या वाटाव्यात इतका बदल, नर जवळ आला की ओव्हिपॉझिटर (अंडी घालायची नळी) बाहेर काढून दाखवतात, जो स्पष्ट नकार आहे, आणि चेंबरभर अंडी. याच्यामागे सेक्स पेप्टाइड, नराच्या अ‍ॅक्सेसरी ग्लँडमधून (स्पर्मबरोबर जाणारा द्रव बनवणारी ग्रंथी) येणारं ३६ अमिनो अ‍ॅसिडचं छोटं प्रोटीन, १९८८ मध्ये ओळखलं गेलं. ते स्पर्मच्या शेपटीला चिकटून मादीत जातं आणि हळूहळू सुटत राहतं, म्हणून परिणाम आठवडाभर टिकतो. नराच्या फायद्याचं, पण मादीसाठी तेवढंच सोयीचं असेल असं नाही, अ‍ॅक्सेसरी ग्लँडच्या द्रवामुळे माद्यांचं आयुष्य कमी होतं हे १९९५ मध्ये चॅपमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी विल्यम राइसने एक जबरदस्त प्रयोग केला, माद्यांची उत्क्रांती थांबवून ठेवायची आणि नरांना पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाऊ द्यायचं. नर जास्त यशस्वी झाले आणि त्यांच्याशी मेट होणाऱ्या माद्या जास्त मरायला लागल्या. म्हणजे एरवी माद्या प्रत्येक पिढीत उत्तर देत असतात म्हणून आपल्याला ही लढाई दिसत नाही. यावर वेगळा प्रोजेक्ट करायला मी आनंदाने तयार आहे.

८ जानेवारी

उत्क्रांतीचा भाग लिहायला घेतलाय. सेक्स कोंब सगळ्या ड्रोसोफिलात नसतोच, मेलानोगॅस्टर आणि ऑब्स्क्युरा या गटांत असतो. विलिस्टोनी या जातीत कंगवा नाही, आणि त्याच २०१९ च्या पेपरमध्ये विलिस्टोनीच्या यलो म्युटंट नरांचं मेटिंग तपासलंय, तर ते नॉर्मल! मला हा सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो. जीन तोच, बिघाड तोच, पण ज्या अवयवातून तो मेटिंगला नडतो तो अवयवच नाही, मग नडणार कसा. यलो आधीपासून होता, रंगाचं काम करत होता, एका शाखेत नराच्या पायावर कंगवा आला, नर त्याने मादीला धरायला लागला, आणि तेव्हापासून यलो मेटिंगसाठी महत्त्वाचा झाला.

कॉलेजच्या कँटीनमागे पिकलेल्या केळ्यांचा ट्रॅप लावून तिथली चिलटं पण पकडली. सगळी मेलानोगॅस्टर असतात हा समज चुकीचा आहे, आपल्याकडे अनॅनॅसी पण खूप सापडते आणि तिच्या नराच्या पायावर एक मोठा कंगवा नसून छोट्या दातांच्या कितीतरी आडव्या ओळी असतात. एका कँटीनच्या मागे दोन वेगवेगळ्या डिझाइनचे कंगवे मिळाले, फोटो काढून ठेवलेत.

१९ जानेवारी

पार्टनरने चांगला मुद्दा काढला की आता आपण सगळंच शरीरात आहे असं म्हणायला लागलोय, ते पण बरोबर नाही. त्यासाठी २०१८ चं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या वनेसा रुटांच्या लॅबचं काम घेतलं. मेलानोगॅस्टरच्या मादीच्या अंगावर ७,११-हेप्टाकोसाडाईन नावाचं हायड्रोकार्बन असतं, मेलानोगॅस्टरचा नर ते चाखून पेटतो आणि सिम्युलन्सचा नर त्याच चवीला मागे फिरतो. वाटेल की पायातला सेन्सर वेगळा असेल. नाही, दोघांच्या पायातले न्यूरॉन त्या चवीला उत्तर देतात. फरक आत, कोर्टशिप सुरू करणाऱ्या पी-वन न्यूरॉनपाशी, तिथे उत्तेजन आणि अटकाव दोन्ही पोचतात आणि सिम्युलन्समध्ये अटकावाचं पारडं जड असतं. म्हणजे इथे पाय सारखा आणि बदल मेंदूत, आमच्या यलोत नर धरायला जातो बरोबर आणि बदल पायात. बाहेरून दोन्हीकडे निकाल एकच दिसतो, मेटिंग झालं नाही.

हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिणार आहे. डिस्कशनचा मुख्य मुद्दा हाच, की मेटिंग झालं की नाही एवढंच मोजून बदल कुठे झालाय ते कळत नाही, पूर्ण कृती टप्प्याटप्प्याने बघावी लागते.

२ फेब्रुवारी

प्री-सबमिशन झालं. बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं विचारलं, "कंगव्यामुळेच सटकतं हे तुमच्या डेटावरून कसं म्हणता?" आम्ही म्हटलं, सर, आमच्या डेटावरून नाही म्हणता येत. आमच्या यलो नराच्या सगळ्या अंगात मेलॅनिन नाहीये, फक्त कंगव्यात नाहीये असं नाही. आम्ही एवढंच दाखवतोय की सारख्या पार्श्वभूमीच्या भावांत यलो नर मागे पडतो, कोर्टशिप सोडत नाही, आणि पकडीच्या टप्प्यावर निसटतो. कंगव्यावर बोट ठेवायला फक्त तिथूनच यलो काढावं लागतं आणि ते २०१९ च्या पेपरने केलंय. सर म्हणाले हे असंच लिहा थिसिसमध्ये, शब्द बदलू नका.

ज्युनिअर बॅचसाठी: बॅकक्रॉस केलेले यलो आणि त्यांचे नॉर्मल भाऊ वेगळ्या लेबलने वरच्या कपाटात आहेत, पावसाळ्याआधी दोन-दोन कॉपी करून ठेवा. चेंबर धुताना स्पिरिट वापरू नका, अ‍ॅक्रिलिक तडकतं, साबण-पाणी पुरे. कोणाला पुढे न्यायचं असेल तर ट्रॅपमधल्या अनॅनॅसीचा पकडण्याचा क्षण शूट करा, छोट्या दातांच्या ओळींनी ते नर कसं धरतात हे आम्हाला बघायचं होतं आणि वेळ पुरला नाही. लेन्स पार्टनरकडे आहे, मागितली की देईल.